किती टाके पडले?

माणूस चार पायांवरून दोन पायांवर उभा राहिला तेव्हा जांघेचा विचार कुणीही केला नव्हता, हे शास्त्राला मान्य आहे. पोटातला जो माल पूर्वी झोळीत सुखाने लोंबत होता, तो उभं राहताच खाली येऊन जांघेच्या पातळ भिंतीवर बसला. तरीही मानवजातीने हजारो वर्षं कशीबशी निभावून नेली. पुढे तिने फुलंब्री रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि मग मात्र त्या भिंतीने हात टेकले.

हा फ्लॅट आमच्या 'सरोवर हाइट्स'मध्ये आहे. सरोवराबाबत बिल्डरला दोष देता येणार नाही. त्याच्या रंगीत पत्रकात ते स्वच्छ दिसतं, बदकांसह. त्या वर्षांत शहर आमच्या दिशेने इतक्या जोरात धावत आलं की नळाला त्याच्यामागे धावणं जमलं नाही. लिफ्टची जागा तयार होती, फक्त लिफ्ट यायची होती. (त्या जागेत सध्या दोन सायकली आणि गणपतीचं मखर राहतं.) त्यात दुष्काळ पाठोपाठ. बोअर आटला, मोटर कोरडी फिरून जळाली आणि टँकरचा भोंगा हा आमच्या सामाजिक जीवनातला सर्वांत पवित्र आवाज ठरला.

टँकर आला की खाली निळे ड्रम भरायचे आणि दोघा-दोघांनी एकेक ड्रम जिन्याने वर न्यायचा, असा ठराव सोसायटीने केला. पाणी भरणं ही प्रत्येक फ्लॅटमधल्या एका कर्त्या पुरुषाची जबाबदारी राहील, असं त्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहिलं आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. (महिला सभासद बैठकीला येऊ शकल्या नाहीत, त्याच वेळी टँकर आला होता.) मी सोसायटीचा सचिव असल्यामुळे माझ्याकडे देखरेख आली. देखरेखीत वाकावं लागत नाही हे खरं, पण उभं राहून पोटऱ्या भरून येतात. त्याबद्दल मी आजवर एक शब्द काढलेला नाही.

आता मूळ घटनेकडे वळू. तिसऱ्या मजल्यावर रामप्रसाद आणि शौकत समोरासमोर राहतात. रामप्रसादच्या वाडवडिलांनी फुलंब्रीकडे मेंढरं राखली. तो स्वतः जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. शौकतचं गुलमंडीत टेलरिंगचं दुकान आहे, आणि अख्ख्या गुलमंडीत त्याच्यासारखी पँट कुणी शिवत नाही असं तोच सांगतो. पाणी भरायला दोघांची जोडी पहिल्यापासून ठरलेली. रामप्रसाद ड्रम उजव्या हाताने धरायचा. शौकत डावखुरा, तो डाव्याने धरायचा. एका टँकरला, एकाच ड्रमखाली, एकाच पायरीवर दोघांनी एकदमच "आई गं" आणि "या अल्ला" म्हटलं. रामप्रसादच्या उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगा आला, शौकतच्या डाव्या.

इतर कुठल्या इमारतीत याला दुर्दैव म्हटलं असतं. आमचे अध्यक्ष काकासाहेब यांनी मात्र यातली शास्त्रीय संधी ओळखली. काकासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर पाण्याचा अभ्यास झालेला असल्यामुळे पाणी सोडून बाकी सर्व विषयांसाठी त्यांच्याकडे भरपूर वेळ असतो.

"असा योग विज्ञानात शतकातून एकदा येतो," ते म्हणाले. "ड्रम तोच, जिना तोच, पायरी तीच. एकाने उघडं ऑपरेशन करून घ्यावं, दुसऱ्याने दुर्बिणीचं. आपण तुलना करू."

लगेच 'हर्निया शस्त्रक्रिया तुलना उपसमिती' स्थापन झाली. काकासाहेब अध्यक्ष, मी सचिव, आणि सभासद म्हणून उरलेले ते सर्व पुरुष ज्यांना त्या दिवशी संध्याकाळी काही काम नव्हतं. (उपस्थिती शंभर टक्के.) चहा झाला.

वास्तविक क्रांती चौकाजवळच्या एका डॉक्टरांनी दोघांनाही तपासून सगळं नीट समजावलं होतं. उघड्या पद्धतीत जांघेत चार बोटांची चीर देतात आणि भगदाडावर बाहेरून जाळी शिवतात. दुर्बिणीच्या पद्धतीत बेंबीजवळ तीन बारीक भोकं पाडतात, हवा भरतात, टीव्हीवर बघत बघत आतल्या बाजूने जाळी लावतात. दुसऱ्या पद्धतीत दुखणं थोडं कमी, माणूस हिंडाफिरायला थोडा लवकर लागतो. पहिल्या पद्धतीत पूर्ण भूल द्यावी लागत नाही. हर्निया परत होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. "तुम्हा दोघांना दोन्ही चालतील," डॉक्टर म्हणाले. ज्याअर्थी डॉक्टर दोन्ही चांगल्या म्हणतात, त्याअर्थी ते काहीतरी लपवत आहेत, यावर उपसमितीचं ताबडतोब एकमत झालं.

निवड मात्र दोघांनी आपापल्या अकलेने केली. शौकतने दुर्बीण घेतली. "कपडा जितना कम फाटे उतना अच्छा," तो म्हणाला. "एकदा फाडला, मग रफू कितीबी बारीक करा, उजेडात दिसतोच ना. आणि बाहेरून लावलं ते ठिगळ, आतून लावलं ते अस्तर. मी अस्तरवाला आदमी हाय."

रामप्रसादने उघडी पद्धत घेतली. "टीव्ही बघत काम करनाऱ्या मानसावर माझा इस्वास नाय," तो म्हणाला. "आमचं पोरगं टीव्ही बघत अभ्यास करतंय, त्याचा निकाल म्या पाह्यलाय. फाडा, उघडा डोळ्यांनी बघा, आन् शिवा."

दोन्ही शस्त्रक्रिया उत्तम झाल्या. डॉक्टरांनी दोघांनाही हिंडाफिरायला सांगितलं आणि दोघांनाही जड वजन उचलायची सक्त मनाई केली. शौकतला तर त्यांनी दोनदा बजावलं, कारण दुर्बिणीवाल्यांना आपण बरे झालो असं लवकर वाटायला लागतं. "जाळी अजून धरायची आहे. इतक्यात ड्रम उचललात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून." गुलमंडीतल्या टेलरने पुन्हा पहिल्यापासून म्हणजे काय हे लगेच ओळखलं; दिवाळीचे कपडे तोंडावर होते. त्याला एवढंच हवं होतं की जाळी धरेपर्यंत आपल्याला कुणी ड्रमाला हात लावायला सांगू नये. मागणी माफक होती. पण त्यासाठी आपण आजारी आहोत हे सोसायटीला पटवणं आवश्यक होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

आपल्याकडे पेशंटला भेटायला जाण्याची फार सुंदर पद्धत आहे. चप्पल दाराबाहेर काढायची, उशाशी बिस्किटाचा पुडा ठेवायचा, चेहरा लांब करायचा आणि विचारायचं, "किती टाके पडले?" रक्तदाब, नाडी, ताप ही सगळी डॉक्टरांची खासगी बाब. समाजाला टाके लागतात. आमच्या सोसायटीत याचं रीतसर कोष्टकच आहे. तीन टाक्यांपर्यंत बिस्किटाचा पुडा, आणि पाणी भरण्यातून सूट नाही (असल्या गोष्टीला 'लागलं' म्हणतात, ऑपरेशन नव्हे). सहापर्यंत केळी, आणि एका टँकरची सूट. त्यापुढे शहाळं, आणि पाऊस पडेपर्यंत सूट. आत घातलेले टाके धरले जात नाहीत. काकासाहेबांचे अपेंडिक्सचे टाके बरेच जुने आहेत, परंतु व्रण हयात असल्यामुळे त्यांची सूटही तहहयात आहे.

रामप्रसादला अकरा टाके पडले. आकडा ऐकताच भेटायला आलेल्यांच्या तोंडून जो "अरारारा" निघाला तो ऐकून त्याचं निम्मं दुखणं पळालं असावं. खाटेखाली शहाळ्यांचा ढीग लागला. त्याच्या बायकोने, सत्यशीलावहिनींनी, येईल त्याला चहा दिला. (ट्रे टेकवताना एक हात पदराआडून कमरेखाली दाबून धरायची त्यांना सवय आहे, तेवढ्याने चहा कधी सांडला नाही.) कुणी मागितलं तर पाणीही मिळत होतं, तेही माठातलं, थंडगार.

समोरच्या दारात शौकतकडे मंडळी गेली. त्याच्या बायकोने, शहजादीभाभींनी, चहा ठेवला. प्रश्न आला.

"टाके तो वैसे तीन," शौकत म्हणाला. "एकेका भोकाला एक. पन ते काढत नाहीत. आपसे आप विरघळून जातात."

गुन्ह्याचा पुरावा आपोआप विरघळतो म्हणणाऱ्या आरोपीकडे कोर्ट पाहील, तसं मंडळींनी शौकतकडे पाहिलं. एकाने आणलेला केळ्यांचा घड मुकाट्याने परत पिशवीत घातला.

इथे एक तांत्रिक अडचणही नमूद केली पाहिजे. रामप्रसादची जखम मोठी आणि प्रेक्षणीय, पण अशा जागी की चारचौघांत दाखवता येत नाही. शौकतची जखम कुठेही, अगदी सत्यनारायणाच्या पूजेतसुद्धा दाखवता येईल अशी, पण दाखवण्यासारखं तिथे काही नाही. जी पाहिली नाही तिच्यावर सर्वांचा विश्वास बसला, आणि जी डोळ्यांनी पाहिली तिच्यावर कुणाचाही बसेना. उपसमितीने चष्मे लावून भोकं पाहिली. एका सभासदाने 'डास चावल्यासारखं' असं मत नोंदवलं.

त्यात शौकतने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. काय दुखतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "खांदा."

"ऑपरेशन कुठं?"

"जांघेत."

"आणि दुखतो खांदा?"

पोटात भरलेल्या हवेमुळे असा खांदा दुखतो, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं आणि त्याने ते जसंच्या तसं उपसमितीला सांगितलं. काकासाहेबांनी शांतपणे पेनाचं टोपण लावलं. खोटं बोलणाऱ्याने निदान एक अवयव ठरवून ठेवावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

दवाखान्याच्या माहितीपत्रकाने उरलीसुरली बाजू बुडवली. त्यावर दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक हसरा गृहस्थ आपल्या नातवाला डोक्यावर उचलून धरतो, असा फोटो आहे. काकासाहेबांनी भिंग आणवलं. नातू पंधरा किलोचा असावा, असा अंदाज निघाला. ज्याअर्थी गृहस्थ हसतो आहे, त्याअर्थी त्याच्यात आणखी ताकद शिल्लक आहे. ड्रम म्हणजे सुमारे साडेतीन नातू. पैकी अर्धं वजन जोडीदाराकडे. म्हणजे शौकतच्या वाट्याला पावणेदोन नातू, आणि तेही डोक्यावर नव्हे तर गुडघ्याच्या वर. हिशेब बिनतोड होता. शौकतला मुलं दोन आहेत आणि नातू एकही नाही, हा त्याचा आक्षेप विषयाला सोडून असल्याने फेटाळण्यात आला. चहा झाला.

या संकटात त्याच्या मदतीला रामप्रसादच धावला. माणूस मनाचा मोठा. उशाशी शहाळी असताना मित्राच्या घरी बिस्किटाचा पुडा पाहून त्याला घास गिळेना.

"शौकतभाई, तुमचं चालनंच चुकतंय," तो म्हणाला. "लई सरळ चालता राव तुम्ही. अशानं कोन मानंल? माझ्याकडं बघा."

मग रोज संध्याकाळी गच्चीवर वर्ग भरू लागला. रामप्रसाद पाय फाकवून, एक हात जांघेवर ठेवून, दर तिसऱ्या पावलाला "आं" करत पुढे चालायचा. मागून शौकत. ज्या माणसाने गिऱ्हाइकाची चाल पाहून पँटची मापं काढली, तो चाल शिकायला कितीसा वेळ लावणार? थोड्याच दिवसांत दोघे पाठमोरे चालताना कोण कोणता ते ओळखू येईना. शहजादीभाभी गच्चीवर कपडे वाळत घालायला यायच्या आणि हसू आवरत पिळा झटकायच्या. कपडे रोज असायचे, धुतलेले, दोन्ही घरांचे.

ठरल्या दिवशी उपसमिती खाली खुर्च्या टाकून बसली. शौकतने फाटकापासून लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत चालून दाखवलं. चाल इतकी हुबेहूब होती की एक सभासद कळवळून अर्धा उठला. काकासाहेब मात्र पाटबंधारे खात्याचे. त्यांनी आयुष्यात कोणतंही काम पहिल्या पाहणीत मंजूर केलेलं नाही.

"शौकतमियाँ, तुमचं ऑपरेशन कुठल्या बाजूचं?"

"डाव्या."

"आणि धरताय उजवी?"

शौकतने खाली पाहिलं. हात उजव्या जांघेवर होता, जसा रामप्रसादचा असायचा. मग धंद्याला स्मरून तो खरं ते बोलला. "काकासाहेब, टेलर हूँ. जैसा नाप मिला, वैसा सिया."

निकाल लागला. सभासद शौकत यांनी पुढच्या टँकरला ड्रम उचलावा. जोडीदाराला सूट असल्याने दुसरी बाजू मिळेल त्याने धरावी. त्याच बैठकीत तुलना अहवालाचा मसुदाही संमत होऊन छपाईला गेला. निष्कर्ष: उघडी पद्धत सर्वतोपरी श्रेष्ठ, कारण तिच्यात रुग्ण रुग्णासारखा दिसतो.

टँकर आला. उपसमिती देखरेखीला हजर होती. शौकत आज खरंच घाबरला होता. त्याचा चेहरा पाहून मलाही क्षणभर वाटलं की जाऊ द्यावं, पण ठराव झालेला होता. तो भरल्या ड्रमापाशी वाकला, "बिस्मिल्ला" म्हणाला आणि डावा हात कडीत घातला. दुसरी बाजू धरायला मिळेल तो कुणी मिळेना. तेवढ्यात जिन्यावरून पाय फाकवत रामप्रसाद आला आणि त्याने दुसरी कडी धरली.

"अरे, तुला सूट आहे!" काकासाहेब ओरडले.

"असंल की," रामप्रसाद म्हणाला. "पन शौकतभाई एकला कसा उचलंल? जोडी हाय आमची."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या दोन जाळ्या, एक आतून, एक बाहेरून, आणि मध्ये ड्रम. विज्ञान श्वास रोखून उभं होतं.

"व्हा बाजूला दोघं बी!"

वरून सत्यशीलावहिनी उतरत होत्या, मागे शहजादीभाभी, दोघींचे पदर खोचलेले. "आज हे काय नवीनच काढलंय? टाके उसवायचेत व्हय?"

"इत्ते दिन हम उठा रहे," शहजादीभाभी म्हणाल्या, "आज इनकी बारात निकली."

आणि उपसमितीच्या डोळ्यांदेखत त्या दोघींनी तो ड्रम उचलला आणि चढायला लागल्या. काकासाहेब आणि मी देखरेखीसाठी मागोमाग गेलो. बाकीचे दोघे आपापल्या जाळ्या सांभाळत आमच्या मागे. पहिल्या मजल्याच्या वळणावर वहिनी थांबल्या. शहजादीभाभींनी काही न विचारता ड्रम टेकवला, म्हणजे हे नेहमीचं असावं. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पदराआडून मूठ जांघेत दाबली, ओठ घट्ट मिटले, काहीतरी आत ढकललं, आणि परत कडीला हात घातला.

"काय झालं, वहिनी?" काकासाहेबांनी विचारलं.

"काय नाय. उतरतंय खाली. दाबलं की जातंय आत."

"कधीपासून?"

"मागल्या दुष्काळापासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुनी इचारलं?" वहिनी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "समदे ह्यांचे टाके मोजत व्हते. आन् तुमचा चहा बी करायचा व्हता."

रामप्रसाद तिथेच पायरीवर बसला, अकरा टाक्यांवर हात ठेवून. बायकोकडे वर बघायची त्याला हिंमत होईना. मलाही त्या क्षणी अत्यंत वाईट वाटलं, कारण अहवाल छपाईला गेला होता.

सुदैवाने पुरवणी जोडण्याची तरतूद असते. उपसमितीने त्याच संध्याकाळी तिसऱ्या पद्धतीचा, म्हणजे मुठीने आत ढकलण्याचा, तौलनिक विचार केला. भूल: नाही. चीर: नाही. टाके: शून्य. दवाखान्यातला मुक्काम: वळणावर टेकण्यापुरता. कामावर परत: तत्काळ, त्याच ड्रमासह. सर्वच निकषांवर ही पद्धत आधीच्या दोन्हींहून सरस निघाल्याने तिची एकमताने शिफारस करण्यात आली. चहा मात्र त्या दिवशी झाला नाही. त्याचं कारण समजू शकलं नाही.

रामप्रसादने शिफारस जुमानली नाही. दुसऱ्याच दिवशी तो वहिनींना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर भयंकर चिडले. बायकांमधलं हे दुखणं अडकून जिवावर बेतू शकतं, आता एक दिवसही थांबू नका, म्हणाले, आणि त्यांनी दुर्बिणीने जाळी लावली. तीन टाके, विरघळणारे. कोष्टकाप्रमाणे बिस्किटाचा पुडा. शौकतने मात्र शहाळी नेली आणि वहिनींना टाके किती पडले हे विचारलं नाही.

पुढे रामप्रसादने वहिनींना पाणी भरण्यातून सूट मिळावी असा अर्ज केला. उपसमितीने तो सहानुभूतीपूर्वक वाचून निकाली काढला. ठरावानुसार पाणी पुरुष भरतात. जे काम सौ. सत्यशीला करतच नव्हत्या, त्यातून त्यांना सूट कशी देणार?

अहवाल आता सर्वांसाठी खुला आहे. मजकुरात काही राहून गेलं असल्यास वाचकांनी कळवावं, असं आवाहन आम्ही केलं होतं. दोन्ही गडी आडवे पडले होते तेव्हा दारोदार होणाऱ्या चहाचं, माठातलं आणि गच्चीवरच्या धुण्याचं पाणी तिसऱ्या मजल्यावर कोण आणत होतं, असं एकाही वाचकाने विचारलेलं नाही. आम्ही तर ते सुरुवातीलाच कंसात सांगितलं होतं. आपण हा वृत्तांत इथपर्यंत वाचलात, जाळी आतून बरी की बाहेरून बरी याचा मनाशी विचारही केला असेल, आणि प्रत्येक चहाबरोबर पुढच्या ओळीवर गेलात. म्हणून आपल्याला उपसमितीचं मानद सभासदत्व देण्यात आनंद होत आहे.

पुढच्या बैठकीला अवश्य यावं. येताना जिन्यात जरा भिंतीला चिकटून चढा. वळणावर कुणीतरी ड्रम टेकवून उभं असतं. काय होतंय म्हणून विचारत बसू नका, चहाला उशीर होतो.